दोन किलो परत आले की पुढे काय? ‘डायरेक्ट’ चाचणीचं प्रकरण

वजन उतरवल्याच्या बहुतेक कहाण्या काटा सर्वांत खाली असतो त्या दिवशी संपतात. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, कंबरेला ढगळ झालेली पँट. पुढच्या दोन वर्षांत काय झालं हे सहसा कुणी विचारत नाही, आणि सांगणाराही तो विषय काढत नाही. म्हणून इथे एक वेगळं प्रकरण मांडतोय. यात वजन परत येऊ लागलं तर काय करायचं हे पहिल्या दिवसाच्या आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं. शिवाय पाच वर्षांचा हिशेब, त्यातला न शोभणारा भाग धरून, जाहीर झाला.

प्रकरण ब्रिटनमधलं आहे. चाचणीचं नाव ‘डायरेक्ट’. भरपूर वजन उतरवलं तर टाइप-२ मधुमेह गोळ्यांविना ताळ्यावर येतो का, हे तिला बघायचं होतं. ग्लासगो विद्यापीठाचे प्रा. माइक लीन आणि न्यूकॅसल विद्यापीठाचे प्रा. रॉय टेलर हे तिचे दोन म्होरके. पैसा ‘डायबेटिस यूके’ या धर्मादाय संस्थेचा. जुलै २०१४ ते ऑगस्ट २०१६ या काळात स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडच्या टाइनसाइड भागातल्या ४९ दवाखान्यांतून ३०६ मधुमेही निवडले गेले. हे दवाखाने म्हणजे बड्या हॉस्पिटलांतले विभाग नव्हते. सर्दी-खोकल्यापासून ब्लड प्रेशरपर्यंत सगळ्यासाठी माणसं जिथे जातात, ते फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संशोधन केंद्रात निवडक पेशंटांवर साधलेली किमया गल्लीतल्या दवाखान्यात आली की अनेकदा विरून जाते. इथे सुरुवातच गल्लीतून झाली.

निवडलेल्यांचं वय २० ते ६५. मधुमेह सहा वर्षांच्या आतला, इन्शुलिन सुरू न झालेला, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, २७ ते ४५ मधला. सरासरी वजन शंभर किलोच्या आसपास. कुणाला कुठला उपचार मिळणार याची चिठ्ठी माणसांच्या नावाची न काढता दवाखान्यांच्या नावाची काढली, कारण एकदा शिकलेली नर्स समोरच्या एका पेशंटला सांगेल आणि दुसऱ्यापासून लपवेल हे शक्यच नव्हतं. निम्म्या दवाखान्यांनी नेहमीचे उपचार चालू ठेवले. उरलेल्या निम्म्यांनी ‘काउंटरवेट-प्लस’ नावाचा वजन उतरवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. शेवटच्या हिशेबात दोन्हीकडे प्रत्येकी १४९ माणसं धरली गेली.

पहिल्याच दिवशी गोळ्या बंद

आपल्याकडच्या कुठल्याही मधुमेह्याला ऐकून धक्का बसेल असा भाग सुरुवातीलाच आहे. कार्यक्रमाच्या पहिल्या दिवशी साखरेच्या सगळ्या गोळ्या बंद केल्या गेल्या. ब्लड प्रेशरच्याही. ‘बघू, वजन उतरलं की हळूहळू कमी करू’ असं कुणी म्हटलं नाही.

हे धाडस वाटलं तरी त्यामागे सरळ हिशेब होता. माणूस दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर येणार असेल आणि पोटात साखर खेचून खाली आणणारी गोळी तशीच जात असेल, तर हात थरथरणं, दरदरून घाम, शुद्ध हरपणं असे प्रकार ठरलेले. वजन भराभर उतरताना रक्तदाबही उतरतो. अशा वेळी जुन्या डोसाची गोळी घेऊन माणूस खुर्चीतून उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून गोळ्या आधी थांबवायच्या, वरचेवर मोजत राहायचं आणि आकडा ठरावीक रेषेच्या वर गेला तर त्या परत सुरू करायच्या, असा नियम होता. काहींना ब्लड प्रेशरच्या गोळ्या खरोखरच परत सुरू कराव्या लागल्या. पाहुण्यांकडून ऐकलेलं आणि डॉक्टरच्या देखरेखीखालचं वजन उतरवणं यांत फरक आहे तो हाच. कॅलरी मोजणारी ॲप्स ढिगाने मिळतात. कुठली गोळी कुठल्या दिवशी थांबवायची हे ठरवायला मात्र डॉक्टरच लागतो. हे वाचून कुणी मनानेच गोळ्या बंद करू नयेत, एवढी एक सूचना इथे द्यायलाच हवी.

मग आली पाकिटं. बारा आठवडे, गरज पडली आणि माणसाची तयारी असली तर वीस आठवड्यांपर्यंत, नेहमीचं जेवण पूर्ण बंद. त्याऐवजी सूप आणि शेकची पाकिटं, दिवसाला एकूण ८२५ ते ८५३ कॅलरी, त्यातच लागणारी प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि क्षार. जोडीला भरपूर पाणी, आणि पोट साफ राहावं म्हणून आपल्या इसबगोलाच्याच जातीचं चूर्ण. बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, डोकं दुखणं, थकवा या तक्रारी होत्याच. पित्ताशयाच्या कळा आणि पोटदुखी असे दोन गंभीर प्रसंग एकाच व्यक्तीला आले, आणि उपचाराशी संबंध असण्याची शक्यता असलेले गंभीर प्रसंग तेवढेच. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताचे खडे होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे डॉक्टरांना त्याचं नवल वाटलं नसेल.

एवढा टोकाचा उपाय कशासाठी, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. वजन कमी करणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर मधुमेह्यांची साखर काही दिवसांतच ताळ्यावर येते, वजन फारसं उतरायच्याही आधी, ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक होती. शस्त्रक्रियेने आतड्यांतल्या संप्रेरकांत काहीतरी जादू होते असं अनेकांचं म्हणणं होतं. टेलर यांनी साधा प्रश्न विचारला: त्या दिवसांत पेशंट जवळजवळ काहीच खात नसतो, मग हा नुसता उपाशी राहण्याचा परिणाम कशावरून नसेल? २००८ मध्ये त्यांनी आपली कल्पना मांडली. गरजेपेक्षा जास्तीचं खाणं वर्षानुवर्षं चाललं की यकृतात चरबी साठते. चरबीने भरलेलं यकृत इन्शुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर साखर रक्तात सोडत राहतं. तेच यकृत जादा चरबी रक्तात पाठवतं, ती स्वादुपिंडातही जाऊन बसते आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. म्हणजे त्या पेशी मेलेल्या नसतात, दबलेल्या असतात. निदान सुरुवातीच्या काही वर्षांत तरी.

२०११ मध्ये अकरा मधुमेह्यांवर त्यांनी हे पडताळून पाहिलं. दिवसाला ६०० कॅलरींच्या आसपास, आठ आठवडे. एका आठवड्यात यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची साखर १६५ च्या घरातून १०६ च्या आसपास आली. आठ आठवड्यांत स्वादुपिंडातली चरबीही कमी झाली आणि साखर वाढताच लगेच सुटणारा इन्शुलिनचा पहिला झोत परत दिसू लागला. स्वादुपिंडातून जी चरबी हटावी लागते ती एका ग्रॅमहूनही कमी असते. पण नेमका तोच ग्रॅम हटवायचा कुठला मार्ग नाही. सगळं शरीर दहा-पंधरा किलोंनी हलकं व्हावं लागतं, तेव्हा कुठे तो हटतो.

पाकिटांबद्दल मला एक गोष्ट पटलेली आहे आणि ती पोषणशास्त्राबाहेरची आहे. तीन महिने माणसाला जेवणाबद्दल एकही निर्णय घ्यावा लागत नाही. पोळी एक की दोन, भातावर तूप घालू की नको, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक आला तर अर्धा तुकडा चालेल का, असले दिवसातले पन्नास छोटे झगडे थांबतात. ‘सगळं खा पण थोडं थोडं खा’ हा सल्ला ऐकायला किती समजूतदार वाटतो! पण तो पाळायचा म्हणजे तोंड आणि मन यांच्यावर दिवसभर पहारा ठेवायचा. शंभर किलोंच्या माणसाला पहिल्याच दिवशी सर्वांत अवघड कला शिकवायची आणि तो नापास झाला की त्याच्या इच्छाशक्तीला बोल लावायचा, हे आपण वर्षानुवर्षं करत आलो आहोत.

दोन किलो आणि चार किलो

पाकिटांनंतर जेवण एकदम परत आलं नाही. दोन ते आठ आठवड्यांत, एकेक पाकीट काढून त्या जागी एकेक जेवण असं ते आणलं गेलं. आहार अगदीच साधा होता: निम्म्या कॅलरी पिष्टमय पदार्थांतून, ३५ टक्के स्निग्धांशातून, १५ टक्के प्रथिनांतून. कीटो नाही, पिष्टमय पदार्थांवर बंदी नाही. पावलं मोजायचं यंत्र याच टप्प्यावर हाती दिलं गेलं, आणि जमेल तसं वाढवत रोज १५,००० पावलांपर्यंत जा असं सांगितलं. आधीच्या तीन महिन्यांत व्यायामाचा आग्रह कुणी धरला नव्हता. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे माणूस जिमची वर्षाची फी भरून सुरुवात करतो, गुडघा धरून परत येतो आणि भूक मात्र दुप्पट झालेली असते.

त्यानंतर सांभाळण्याचा टप्पा. महिन्यातून एकदा, दुसरं वर्ष संपेपर्यंत, त्याच दवाखान्यात, बहुधा त्याच नर्सकडे किंवा आहारतज्ज्ञाकडे. काट्यावर उभं राहायचं, गप्पा मारायच्या, पुढच्या महिन्यात काय येतंय ते बघायचं. या नर्सना कार्यक्रमासाठी दिलेलं प्रशिक्षण एकूण आठ तासांचं होतं. म्हणजे कुठलीही खास पदवी नव्हती. काम दवाखान्यातल्या नेहमीच्या माणसांनीच केलं.

आणि कागदावर लिहिलेली बचावाची योजना. वजन दोन किलोंहून जास्त वाढलं तर पुढचे चार आठवडे दिवसातली एक किंवा दोन जेवणं पुन्हा पाकिटावर, आणि हवी असल्यास चरबीचं शोषण कमी करणारी ऑर्लिस्टॅट ही गोळी. चार किलोंहून जास्त वाढलं किंवा मधुमेह परतला तर चार आठवडे पुन्हा पूर्ण पाकिटांवर, त्यानंतर परत टप्प्याटप्प्याने जेवण आणि मग ऑर्लिस्टॅट, हवी असल्यास वर्षभर.

मला विचाराल तर सगळ्या चाचणीतला अस्सल माल हाच आहे. यात वजन परत येणं हा पेशंटचा गुन्हा धरलेला नाही. ते येणारच असं गृहीत धरलंय, आणि आलं की काय करायचं याचं उत्तर माणूस खजील व्हायच्या आधीच तयार ठेवलंय. आपल्याकडे दोन किलो वाढले की पेशंट काय करतो? डॉक्टरकडे जायचं टाळतो. ‘जरा कमी करतो आणि मग जातो’ म्हणतो. चार महिन्यांनी जातो तेव्हा दोनाचे सात झालेले असतात आणि डॉक्टरही वैतागलेला असतो. बचावाची योजना याच्या उलट वागायला सांगते: वाढलंय म्हणूनच ये. दोन किलोंवर आलास तर चार आठवड्यांचं काम आहे.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घरोघरी ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद रंगला होता. दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं, यावर लग्नाच्या पंगतीत तट पडायचे. वादात मजा होती, आणि वजनाविषयी इतक्या माणसांनी विचार केला हेही कमी नाही. पण त्या सगळ्या गदारोळात मला एक प्रश्न कुणी विचारलेला आठवत नाही: आठव्या महिन्यात वजन वाढू लागलं तर माझ्या पद्धतीत पुढे काय लिहिलंय? दोन्ही बाजूंच्या भक्तांचं उत्तर एकच असायचं, ‘मग तुम्ही नीट पाळत नाही.’

वजन परत का येतं याचं उत्तर शरीरातच आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये पन्नास लठ्ठ माणसांना दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरींवर ठेवलं आणि नंतर वर्षभर त्यांच्या भुकेच्या संप्रेरकांवर लक्ष ठेवलं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन खाली गेलं होतं, भूक लावणारं घ्रेलिन वर गेलं होतं, आणि एका वर्षानंतरही ती दोन्ही मूळ जागेवर आलेली नव्हती. माणसं खरोखरच जास्त भुकेली होती. शरीर गेलेलं वजन विसरत नाही. वसुलीला आलेल्या सावकारासारखं ते दाराशी बसून राहतं. सावकार महिन्याच्या महिन्याला येत असेल तर नर्सलाही महिन्याच्या महिन्यालाच भेटावं लागणार.

नव्या इंजेक्शनांनीही हे गणित बदललेलं नाही. सेमाग्लुटाइड घेऊन वजन उतरवलेल्यांचं इंजेक्शन आणि सोबतचा सल्ला दोन्ही थांबवून वर्षभर निरीक्षण केलं, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलेलं दिसलं. २०२५ पासून ही वजनाची इंजेक्शनं भारतातही मिळू लागली आहेत. डॉक्टरला विचारायचे प्रश्न त्यामुळे दोन झाले: सुरू कधी करायचं, आणि थांबवल्यावर काय.

आकडे, शोभणारे आणि न शोभणारे

पहिल्या वर्षाचा निकाल डिसेंबर २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. रिमिशनची व्याख्या कडक होती: निदान दोन महिने साखरेची कुठलीही गोळी नाही, आणि तरीही एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर ६.५ टक्क्यांच्या खाली. कार्यक्रमातल्या ४६ टक्के लोकांनी हे गाठलं. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत प्रमाण होतं ४ टक्के. १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरवणारे कार्यक्रमात २४ टक्के होते. दुसऱ्या गटात एकही नाही.

पण माझ्या मते नजर ठेवावी ती पुढच्या उतरंडीवर. ज्यांचं वजन पाच किलोंपर्यंतच उतरलं त्यांच्यात रिमिशन ७ टक्के. पाच ते दहा किलोंत ३४, दहा ते पंधरात ५७, आणि पंधराच्या वर गेलेल्या ३६ जणांपैकी ३१ जणांना, म्हणजे ८६ टक्क्यांना. ‘थोडं वजन कमी केलंत तरी बरं’ हे वाक्य रक्तदाबासाठी, गुडघ्यांसाठी खरं आहे. मधुमेहातून सुटण्यासाठी थोड्याने भागत नाही. पेशंटला हा तक्ता दाखवावा असं मला वाटतं, कारण पाच किलोंवर खूश होऊन थांबायचं की पुढे जायचं हे त्याचं त्याला ठरवता येतं.

टप्प्यांचा हिशेब पाहिला तर पाकिटांच्या काळात सरासरी साडेचौदा किलो उतरले, जेवण परत आणताना एक किलो परत आला, आणि वर्ष संपेपर्यंत आणखी सुमारे दोन. सगळे धरून, मध्येच सोडून गेलेल्यांसकट, वर्षाअखेरीस सरासरी घट दहा किलो. दुसऱ्या गटात एक किलो. सुमारे पाचातला एक जण कार्यक्रम अर्ध्यावर सोडून गेला होता, हेही नोंदवायला हवं.

दुसऱ्या वर्षाअखेरीस घट ७.६ किलोंवर आली आणि रिमिशनचं प्रमाण ३६ टक्क्यांवर. निदान दहा किलो टिकवून धरलेल्यांत मात्र ते ६४ टक्के होतं.

आणि पाच वर्षं. दोन वर्षांनंतर मदत पातळ करण्यात आली: महिन्याऐवजी तीन महिन्यांतून एकदा भेट, बचावाची पाकिटं हवी तर उपलब्ध. यात ८५ जण राहिले. पाचव्या वर्षाअखेरीस त्यांच्यातले १३ टक्के रिमिशनमध्ये होते, वजनातली सरासरी घट ६.१ किलो. नेहमीच्या उपचारांवरच्या गटाचंही वजन तोवर काही किलोंनी उतरलं होतं, म्हणजे दोघांतलं अंतर कमी झालं होतं. त्याच वेळी दवाखान्यात भरती व्हावं लागेल असे गंभीर प्रसंग कार्यक्रमातल्या लोकांत दुसऱ्या गटाच्या निम्म्याहून कमी होते.

हे १३ टक्के काहींना अपयश वाटतात. २०१७ साली ‘मधुमेह बरा होतो’ असे मथळे छापणाऱ्यांनी २०२४ सालचा हा निकाल बहुधा आतल्या पानावर टाकला असेल. मी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. ज्या आजारात पेशंटला पहिल्याच दिवशी ‘आता हा जन्मभराचा, दरवर्षी गोळी वाढणार’ असं सांगितलं जायचं, त्यात काही माणसं पाच वर्षं विनागोळी राहिली. आणखी बऱ्याच जणांनाही मधली काही वर्षं साखर ताळ्यावर असलेली मिळाली. डोळे, मूत्रपिंड आणि नसांवरचा तेवढ्या वर्षांचा भार टळला. पण त्याच आकड्यांत हेही लिहिलंय की भेटी महिन्याच्या असताना जेवढं टिकलं, तेवढं भेटी तिमाहीवर गेल्यावर टिकलं नाही. लोकांनी तिसऱ्या वर्षी अचानक इच्छाशक्ती गमावली असं मानण्यापेक्षा औषधाचा डोस कमी झाला असं मानणं मला जास्त पटतं. ही चाचणी ते सिद्ध करत नाही. महिन्याच्या आणि तिमाहीच्या भेटी चिठ्ठ्या टाकून शेजारी शेजारी तपासलेल्या नाहीत.

पुण्यापर्यंत येणारा धागा

ग्लासगोचे शंभर किलोंचे पेशंट आणि नाशिकचा सत्तर किलोंचा बँक कर्मचारी यांचा संबंध काय, असं कुणी म्हणेल. उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. काट्यावर दोघे सारखेच बारीक, आत मात्र एकाकडे दुपटीहून जास्त चरबी. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा जो अभ्यास याज्ञिकांच्या गटाने १९९३ मध्ये सुरू केला, त्यातही हेच दिसलं: आपली बाळं वजनाने कमी जन्मतात, पण चरबी बऱ्यापैकी राखून जन्मतात.

टेलर यांच्या कल्पनेशी हे नीट जुळतं. किती चरबी त्वचेखाली सुखाने मावते याची मर्यादा प्रत्येकाची वेगळी. ती ओलांडली की चरबी यकृतात उतरते, मग माणूस १०० किलोंचा असो की ६८ चा. टेलर यांच्याच गटाने नंतर बीएमआय २७ च्या आतल्या २० मधुमेह्यांवर तोच प्रयोग केला आणि १४ जण रिमिशनमध्ये गेले. म्हणून ‘मी कुठे जाड आहे?’ हा आपल्याकडचा आवडता प्रश्न फसवा आहे. भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २३ बीएमआयला आणि लठ्ठपणाची २५ ला धरतात. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० सेंटीमीटर ओलांडली की सावध व्हायचं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनेही हे मानलंय. ‘डायरेक्ट’वरून २०२० पासून त्यांनी जो कार्यक्रम सुरू केला, त्यात गोऱ्यांना प्रवेश बीएमआय २७ पासून आणि आशियाई वंशाच्या लोकांना २५ पासून. लंडन-लेस्टरला स्थायिक झालेल्या मराठी मधुमेह्यांना ही दारं उघडी आहेत, मधुमेह सहा वर्षांच्या आतला असेल तर.

चेन्नईचा एक जुना अभ्यासही इथे आठवतो. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांना तीन वर्षं पाहिलं. नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, तर चालणं आणि आहार यांचा पाठपुरावा ज्यांच्याकडून करून घेतला त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांना. गंमत म्हणजे वजन जवळजवळ बदललंच नव्हतं. सवयी काट्याच्या आधी रक्तात दिसतात. वजन हलेना म्हणून चालणं सोडून देणाऱ्याला हे सांगायला हवं.

पाकिटांचा भाग आपल्याकडे जसाच्या तसा उचलता येईल का? खर्च आहे, आणि ८५० कॅलरींत पुरेशी प्रथिनं आणि जीवनसत्त्वं घरच्या मुगाच्या कढणाने-ताकाने बसवणं आहारतज्ज्ञाशिवाय जमणार नाही. इन्शुलिनवरचे पेशंट, गरोदर बायका, नुकताच हार्ट ॲटॅक येऊन गेलेले, मूत्रपिंड अधू झालेले यांनी त्या वाटेला जाऊच नये. पण बचावाच्या योजनेला ना परदेशी पाकीट लागतं ना परवाना. आपलं वजन कधी वाढणार याचं वेळापत्रक तर कालनिर्णयावर छापलेलंच असतं. श्रावणातले उपास, म्हणजे साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस आणि दाण्याचे लाडू. मग गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ, मार्गशीर्षापासून लग्नं, मे महिन्यात आमरस. डॉक्टरने भेटीची तारीख ‘तीन महिन्यांनी या’ अशी न देता भाऊबीजेनंतरच्या पहिल्या सोमवारची दिली तर काटा वाढलेलाच दिसेल, आणि तसाच दिसायला हवा. त्या दिवशी ओरडा न खाता चार आठवड्यांचा कागद हातात पडावा: रात्रीच्या जेवणाऐवजी काय, चहातली साखर किती, पुन्हा वजन कधी.

हे काम करणार कोण, ही खरी अडचण. आपल्या फॅमिली डॉक्टरकडे सकाळ-संध्याकाळ मिळून शंभर पेशंट. नर्स असलीच तर इंजेक्शनं आणि केसपेपर यांत बुडालेली. एका पेशंटला पंधरा मिनिटं देऊन वजनावर बोलण्याचे पैसे कुठलाही विमा देत नाही, आणि पेशंटही गोळी न देणाऱ्या भेटीची फी द्यायला कुरकुरतो. तरी आठ तासांच्या प्रशिक्षणावर ग्लासगोच्या नर्सने जे केलं ते दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट किंवा गावातली आशाताई करू शकणार नाही असं मानायला मला कारण दिसत नाही. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरचा. काटा, वही आणि ‘या महिन्यात काय झालं हो काकू?’ हा प्रश्न त्यांचा.

इंग्लंडचा सरकारी कार्यक्रम आता देशभर पोहोचला आहे. तिथले पहिले आकडेही आलेत: वर्ष पूर्ण करून तपासण्या झालेल्यांपैकी साधारण तिघांत एक जण रिमिशनमध्ये. पाकिटांचे तीन महिने, जेवण परत आणण्याचा टप्पा आणि आधार, सगळं मिळून तो बारा महिन्यांचा आहे. चाचणीतलं दुसरं वर्ष, जिथे महिन्याच्या महिन्याला कुणीतरी दोन किलोंवर नजर ठेवून होतं, त्यात नाही. बारा महिन्यांनंतर पेशंट आपल्या फॅमिली डॉक्टरकडे परततो, आणि रिमिशनमध्ये असलेल्याची एचबीएवनसी तपासायची वेळ वर्षातून एकदा येते.